पाण्याचा जमाखर्च : बुलढाणा जिल्ह्यातील मूत्रपिंड, प्रोस्टेट व आतड्यांच्या रुग्णांची परिचर्या

वैद्यकाची पाठ्यपुस्तके शरीराची वाटणी संस्थांनुसार करतात, आणि त्या वाटणीप्रमाणे मूत्रपिंडाचा रुग्ण वैद्यक विभागाकडे, प्रोस्टेटचा आणि आतड्याचा रुग्ण शल्यविभागाकडे जातो. त्यांचे डॉक्टर वेगळे, औषधे वेगळी, बऱ्याचदा इमारतीही वेगळ्या. परिचारिकेच्या हातातील कागद मात्र तिन्ही ठिकाणी एकच असतो. पाळीच्या सुरुवातीला आखलेल्या त्या तक्त्यात एका बाजूला तोंडाने, शिरेवाटे वा नळीवाटे शरीरात किती द्रव गेला आणि दुसऱ्या बाजूला लघवी, उलटी, जुलाब, निचरानळी व पोटावरची पिशवी यांतून किती बाहेर पडला, याची मिलिलिटरमध्ये नोंद होत असते. या तक्त्याला वॉर्डात ‘इनटेक-आउटपुट’ म्हणतात, आणि तो भरण्याचे काम नव्या विद्यार्थिनीला सर्वांत कंटाळवाणे वाटते. या तिन्ही विकारांच्या परिचर्येचा कणा तोच तक्ता आहे, हे प्रस्तुत पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन होय.

शरीराचा हा व्यवहार केवढा मोठा आहे, हे आकड्यांवरून ध्यानात येते. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता सगळा पुन्हा रक्तात परत घेतात; आतड्यांत अन्न, पाणी आणि पाचकरस मिळून रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो, आणि शौचावाटे त्यातला १००-२०० मिलिलिटरच बाहेर जातो. मूत्रपिंडांनी गाळणे थांबवले, आतड्यांनी शोषणे थांबवले किंवा प्रोस्टेटने बाहेरची वाट अडवली, तर या प्रचंड उलाढालीत एका दिवसात काही लिटरांची तफावत पडू शकते, आणि ती तफावत डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीच्या आधी, बहुधा रात्रपाळीतच, तक्त्यावर उमटलेली असते. ‘पाणी भरपूर प्यावे’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला या रुग्णांच्या बाबतीत म्हणूनच धोक्याचा ठरतो. मूतखड्याच्या रुग्णाला तो तारक, मूत्रपिंड निकामी होऊन लघवी आटलेल्या रुग्णाला मारक, रात्री पाच वेळा उठणाऱ्या प्रोस्टेटच्या रुग्णाला वेळ पाहून देण्याजोगा, आणि लहान आतडे पोटावर काढलेल्या रुग्णाला तर साधे पाणी जितके अधिक तितके नुकसान अधिक. पाणी हे येथे मात्रा ठरवून द्यावयाचे औषध आहे.

बुलढाणा जिल्ह्यात या औषधाच्या गुणवत्तेचाच प्रश्न आहे. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकव्यवहारातली विभागणी ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ अशी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा घाटावरचा भाग; खाली पूर्णा नदीच्या सखल खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचे जळगाव जामोद व संग्रामपूर. घाटावरची खडकपूर्णा गोदावरीच्या खोऱ्यातली आणि घाटाखालची पूर्णा तापीला मिळणारी, त्यामुळे एकाच जिल्ह्यातील दोन ‘पूर्णां’चे पाणी देशाच्या दोन विरुद्ध किनाऱ्यांकडे जाते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून येणारा खारपाणपट्टा या दुसऱ्या पूर्णेच्या गाळात पसरलेला आहे. तेथील भूजलात सोडियमचे व इतर क्षार मोठ्या प्रमाणात विरघळलेले असून अनेक विहिरी व कूपनलिकांचे पाणी मचूळ किंवा उघड खारट लागते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. या पट्ट्यातील पुष्कळ स्रोत ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. वान धरणावरून जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांसाठी आखलेली १४० गावांची पाणीपुरवठा योजना आणि गावोगाव मिळणारे शुद्ध पाण्याचे जार, ही दोन्ही याच अडचणीची अपत्ये आहेत.

खारे पाणी मूत्रपिंडे निकामी करते, असे घाटाखाली सर्रास मानले जाते, आणि संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील किडनीच्या रुग्णांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून येत असल्याने हा समज पक्का झाला आहे. शास्त्रीय लेखनात मात्र येथे हात आखडता घ्यावा लागतो. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिलेला मूत्रपिंडांचा बिघाड, भारतात सर्वाधिक प्रमाणात मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे होतो. यांपैकी कोणतेही कारण न सापडणारा एक वेगळा प्रकार श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, मध्य अमेरिकेतील ऊसतोड मजुरांत आणि आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागात आढळला असून त्याच्या कारणांत पाणी, शेतीची रसायने, उन्हातले कष्ट व शरीरातील पाणी आटणे यांची चर्चा होते. एकमत अद्याप नाही. घाईने निष्कर्ष काढू नये, याचा धडा जिल्ह्याला अलीकडेच मिळाला आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड, हिंगणा इत्यादी गावांत लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे चर्चेचा रोख गव्हातील सेलेनियम या मूलद्रव्याकडे वळला.

परिचारिकेच्या दृष्टीने या वादातून एवढेच निघते की रुग्णाला प्रश्न विचारताना केवळ ‘पाणी कोणते पिता?’ येथे थांबू नये. सोयाबीनच्या सोंगणीत वा कापसाच्या वेचणीत दिवसभर वाकून काम केल्यावर कंबरदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या किती दिवस घेतल्या, अंगदुखीची इंजेक्शने किती टोचून घेतली, कोणते भस्म वा चूर्ण चालू आहे, उन्हात लघवी किती वेळा होते, पूर्वी घोणस चावली होती का, हे सारे विचारावे लागते. वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि शरीरातील पाणी आधीच आटलेले असताना त्यांचा घाव खोल बसतो. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि मूत्रपिंडे अचानक बंद पडू शकतात. म्हणून साध्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते की नाही हे पाहण्याइतकेच, दंशानंतर दर तासाला लघवी मोजणेही प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या कामाचा भाग आहे. प्रौढ माणसाची लघवी दिवसाला ४०० मिलिलिटरच्या खाली गेली, तर ती धोक्याची सूचना होय.

तक्ता भरणे सोपे आहे. खरा भरणे अवघड. नातेवाईक चहाचा कप, ताकाचा पेला, डाळीचे पाणी मोजत नाहीत, रुग्ण शौचाला जातो तेव्हा लघवीही तेथेच होऊन जाते, आणि सकाळी घाईने भरलेल्या रकान्यांत सर्वांचे आकडे संशयास्पदरीत्या गोल दिसतात. या त्रुटीवरचा उतारा म्हणजे वजन. रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर, लघवी करून आल्यावर आणि साधारण तेवढ्याच कपड्यांत केलेले वजन खोटे बोलत नाही. एका दिवसात वाढलेला एक किलो म्हणजे जवळपास एक लिटर साचलेले पाणी, कारण चरबी किंवा मांस इतक्या वेगाने वाढत नसते. डायलिसिसच्या रुग्णासाठी ‘कोरडे वजन’ ठरवतात, म्हणजे अंगात जादा पाणी नसताना, सूज व धाप नसताना आणि रक्तदाब आटोक्यात असताना भरणारे वजन, आणि दोन डायलिसिसच्या दरम्यान त्यावर किती भर पडली यावरून यंत्राने किती पाणी ओढायचे ते ठरते. पाच किलो पाणी चार तासांत ओढल्यास पायांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो. असा रुग्ण मग पुढची पाळी चुकवतो, आणि चुकवल्यामुळे पुढच्या वेळी आणखी पाणी घेऊन येतो.

डायलिसिस म्हणजे निकामी मूत्रपिंडांचे काम यंत्राकरवी करून घेणे : रुग्णाचे रक्त एका कृत्रिम गाळणीतून फिरवले जाते, आणि पातळ पडद्यापलीकडून वाहणाऱ्या द्रावणात रक्तातील टाकाऊ पदार्थ उतरतात. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने १९४३ मध्ये असे यंत्र प्रथम रुग्णावर चालवले. १९६० मध्ये सिअॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीला कायमची वाट करून दिल्यावर हा उपचार वारंवार करणे शक्य झाले. भारतात २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार मिळतो. एरवी केवळ मोठ्या शहरांत होणारी ही गोष्ट त्यामुळे जिल्ह्याच्या आवाक्यात आली. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, आयुष्यभर, असे हे वेळापत्रक ज्याच्या कुटुंबात येते, त्या कुटुंबाची मजुरी, एसटीचे भाडे आणि मुलांच्या शाळा सगळे त्याभोवती फिरू लागते.

या यंत्रालाही पाणी लागते, ही बाब पुस्तकांत थोडक्यात आटोपली जाते; खारपाणपट्ट्यात ती विस्ताराने सांगणे भाग आहे. द्रावण मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहते, म्हणजे चार तासांच्या एका पाळीत रुग्णाच्या रक्ताशी १२० लिटर पाणी केवळ एका पडद्याच्या अंतराने येते. पिण्याच्या पाण्यातील दोष आतडे काही अंशी अडवते. येथे तशी अडवणूक नाही. म्हणून कच्चे पाणी आधी वाळूच्या थरातून, मग कठीणपणा काढणाऱ्या टाकीतून, मग कोळशाच्या थरातून आणि शेवटी उलट्या परासरणाच्या पडद्यातून न्यावे लागते. उलटे परासरण म्हणजे दाब देऊन पाणी अतिसूक्ष्म पडद्यापार ढकलणे आणि क्षार मागे ठेवणे, ज्याला बोलीत नुसते ‘आरओ’ म्हणतात. कच्चे पाणी जितके खारे तितका पडद्यावर ताण जास्त, वाया जाणारे पाणी जास्त आणि पडदा लवकर खराब. कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटून द्रावणात आले, तर यंत्रावरच्या सर्व रुग्णांना एकाच वेळी मळमळ, डोकेदुखी होऊन त्यांचा रक्तदाब वाढू लागतो. अनेकांना एकदमच त्रास होणे हीच पाण्याच्या दोषाची खूण. त्याहून धोक्याचे क्लोरीन. उन्हाळ्यात टँकर आला आणि त्यात ब्लीचिंग पावडर मोकळ्या हाताने टाकली गेली, तर ते कोळशाच्या टाकीला न आवरता पुढे जाऊ शकते, आणि मग रक्तातील लाल पेशी फुटतात. म्हणून प्रत्येक पाळी सुरू करण्यापूर्वी कोळशाच्या टाकीनंतरच्या नळाचे पाणी छोट्या परीक्षानळीत घेऊन, त्यात रंगद्रव्य टाकून, एकूण क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत आहे याची खात्री करणे आणि वहीत सही करणे ही परिचारिकेची जबाबदारी मानली पाहिजे. तंत्रज्ञ असला तरी रुग्णाला यंत्राला जोडणारा हात तिचा असतो. ही काही मिनिटांची तपासणी गर्दीच्या सकाळी सर्वांत आधी गाळली जाते.

रुग्णाच्या बाजूने या उपचाराचा प्राण म्हणजे फिस्टुला : मनगटाजवळ किंवा कोपरात धमनी शिरेला जोडून तयार केलेली जाड, जोमाने वाहणारी रक्तवाहिनी, जी वापरण्याजोगी होण्यास साधारण सहा आठवडे किंवा अधिक लागतात. त्या हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, सुई टोचू नये, बांगड्या घट्ट असू नयेत, त्यावर डोके ठेवून झोपू नये आणि कापसाचे ओझे त्या खांद्यावरून नेऊ नये. बोट ठेवले असता तेथे थरथर लागते. ती रोज सकाळी तपासण्यास रुग्णाला शिकवावे, आणि थांबल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात येण्यास सांगावे.

आहाराबाबत शहरी तक्ते येथे फारसे उपयोगी पडत नाहीत. मीठ कमी म्हणजे ठेचा, लोणचे, पापड आणि कुरड्या कमी, हे वऱ्हाडी घरात पटवणे कठीण. आणि सैंधव चालते हा समज त्याहून चिवट आहे, कारण सैंधवही मुख्यतः सोडियमचेच मीठ होय. बाजारात ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात तर पोटॅशियम घातलेले असते, आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णात तेच साचून हृदयाचे ठोके बिघडवते. एकादशीला आणि श्रावणात अडचण वाढते : उपवासाची रताळी, बटाटा, शेंगदाणे, केळी आणि वर नारळपाणी हे सगळे पोटॅशियमने भरलेले. शेगावच्या गजानन महाराजांवर श्रद्धा असलेल्या रुग्णाला ‘उपवास करू नका’ म्हणण्यापेक्षा ‘भगर खा, बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्या, शेंगदाण्याची आमटी टाळा’ असे सांगणारी परिचारिका अधिक ऐकली जाते. रमजानमध्ये डायलिसिसच्या पाळीची वेळ बदलून मागणाऱ्या रुग्णाशीही असाच व्यवहार हवा.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असणारी ग्रंथी; पन्नाशीनंतर ती बहुतेकांची हळूहळू वाढते आणि नलिका आवळते. धार बारीक होते, थांबून थांबून येते, ‘मोकळं होत नाही’, ‘थेंब थेंब होते’, ‘रात्री लागूनच राहते’ असे रुग्ण सांगतो, म्हणजे सांगितलेच तर. पुष्कळ वृद्ध शेतकरी हे म्हातारपणाचे म्हणून वर्षानुवर्षे सोसतात आणि एके दिवशी लघवी तुंबून रुग्णालयात येतात. निमित्त अनेकदा क्षुल्लक असते : हिवाळ्यात सर्दीची गोळी घेतली, जिच्यातील औषध मूत्राशयाचे तोंड आवळते, किंवा चार दिवस शौचास झाले नव्हते आणि भरलेल्या गुदाशयाने पुढची वाट दाबली. अशा रुग्णाला नळी घातल्यावर लिटरभर लघवी एकदम निघते. ती टप्प्याटप्प्याने, नळी मध्येमध्ये बंद करून काढावी अशी जुनी शिकवण आहे, पण तसे केल्याने लाभ होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. खरे लक्ष पुढच्या तासांवर हवे. दीर्घकाळ तुंबलेली मूत्रपिंडे मोकळी होताच अनावर लघवी करू लागतात; सलग दोन तास, तासाला २०० मिलिलिटरहून अधिक लघवी होत राहिली, तर रुग्ण कोरडा पडून त्याचा रक्तदाब उतरू शकतो. रात्री दर तासाला पिशवी मोजणाऱ्या परिचारिकेला हे उजाडण्याआधी कळते.

दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र ही परिचर्येची कसोटी असते. तीन तोंडांच्या नळीच्या एका तोंडातून सलाइन मूत्राशयात सतत सोडले जाते, दुसऱ्यातून रक्तमिश्रित पाणी बाहेर येते आणि तिसरे तोंड आतला फुगा फुगवण्यासाठी असते. एका पाळीत लिटरच्या नऊ बाटल्या आत गेल्या आणि पिशवीतून १०,१०० मिलिलिटर बाहेर आले, तर लघवी ११०० मिलिलिटर झाली, हा हिशेब सरळ आहे. पण तीच बेरीज ८६०० आली तर निदान ४०० मिलिलिटर आत अडकले आहेत, म्हणजे नळीत रक्ताची गाठ बसली असावी. रुग्ण ‘सिस्टर, लघवीला लागली’ म्हणत कण्हतो, ओटीपोट टणक लागते, आणि अशा वेळी ‘नळी घातली आहे बाबा, आपोआप होईल’ असे म्हणून पुढच्या खाटेकडे जाणे ही वारंवार घडणारी चूक आहे. सलाइन थांबवून, निर्जंतुक पिचकारीने नळी धुऊन गाठ ओढून काढावी, न जमल्यास डॉक्टरांना बोलवावे. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग फिकट गुलाबी होईपर्यंत वेग कमी करू नये. रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागला, तर खरवडताना वापरलेले पाणी रक्तात शोषले जाऊन सोडियम घटले असेल, ही शक्यता ध्यानी धरावी.

नळीसह घरी जाणाऱ्या रुग्णाचा प्रवास एसटीने होतो. पिशवी मूत्राशयाच्या खाली राहिली पाहिजे आणि जमिनीला टेकता कामा नये, हे नियमाप्रमाणे सांगून होते. पण गर्दीच्या गाडीत लोकांना दिसू नये म्हणून म्हातारा ती धोतराच्या घोळात पोटाशी धरतो किंवा नातू ती वरच्या फळीवर ठेवलेल्या सामानाला अडकवतो, आणि साचलेली लघवी जंतूंसह उलटी आत जाते. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करणे, मांडीला बांधायची छोटी पिशवी देणे आणि नळी मांडीला चिकटपट्टीने पक्की करणे एवढ्याने हे टळते. नळी कधी बदलायची किंवा काढायची ती तारीख कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नसेल, तर ती नळी महिनोन्‌महिने तशीच राहते.

आतड्यांच्या विकारांत बद्धकोष्ठ हा सर्वांत सामान्य आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तो हमखास जडतो, कारण त्याचे पाणी मोजून, फळे-भाज्या कमी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या रोजच्या. येथे सवयीचा उपाय घातक ठरू शकतो : फॉस्फेटचा तयार एनिमा आणि मॅग्नेशियम असलेली रेचके निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाहीत, आणि इसबगोल पुरेशा पाण्याविना घेतल्यास आतच घट्ट होऊन बसते. कोणता एनिमा द्यायचा हे आदेशपत्रावर नुसते ‘एनिमा’ असे लिहिलेले असताना परिचारिकेने विचारून घेणे, याला अधिकाराचा भंग समजू नये.

आतड्याचा कर्करोग, पीळ किंवा फुटलेले आतडे यांसाठी कधी आतड्याचे तोंड पोटाच्या कातडीवर काढावे लागते; त्याला स्टोमा म्हणतात, मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टोमी आणि लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टोमी. निरोगी स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल व ओलसर असतो. तो काळपट वा निळसर पडला तर रक्तपुरवठा तुटत आहे असे समजून ताबडतोब कळवावे. पिशवीचे छिद्र स्टोमाच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे, पिशवी तृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी. इलिओस्टोमीतून दिवसाला दीड लिटरहून अधिक पातळ द्रव जाऊ लागला, तर त्याबरोबर सोडियमही जातो; तहान लागलेला रुग्ण साधे पाणी पीत राहतो, ते पाणी आतड्यातील मीठ आणखी ओढून पिशवीत उतरते, आणि वऱ्हाडातील ४४-४५ अंशांच्या मे महिन्यात अशा रुग्णाची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत बंद पडू शकतात. त्याला साधे पाणी मर्यादित आणि जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, घोट घोट द्यावी लागते. आतड्याची शस्त्रक्रिया झालेला माणूस मूत्रपिंडाच्या वॉर्डात पोहोचतो तो असा.

या सर्व परिचर्येत आडवी येते ती लाज. लघवी आणि शौच यांविषयी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने सुनेच्या वयाच्या परिचारिकेशी बोलायचे, किंवा बाईने नवऱ्यासमोर पोटावरची पिशवी उघडायची, हे सोपे नाही, आणि ‘आजारात कसली लाज’ या वाक्याने ते सोपे होत नाही. पडदा ओढणे, नातेवाइकांना बाहेर पाठवणे, पांघरूण लागेल तेवढेच सरकवणे, काय करणार ते आधी सांगणे, या चार गोष्टी सरकारी रुग्णालयाच्या भरगच्च वॉर्डातही जमतात. अनेक ठिकाणी पुरुष रुग्णाला नळी घालण्याचे काम संकोचापोटी कक्षसेवकाकडे ढकलले जाते. निर्जंतुकीकरणाचे प्रशिक्षण नसलेल्या हातांनी घातलेली नळी संसर्गाचे आणि मूत्रनलिकेला इजा होण्याचे कारण बनते, तेव्हा ही प्रथा सोयीची असली तरी समर्थनीय नाही. स्टोमा असलेल्या बाईला स्वयंपाकघरात वा देवघरात जाऊ न देणाऱ्या घरांत परिचारिकेचा शब्द चालतो, फक्त तो रुग्णालयातून सुटी देतानाच, सासूच्या समक्ष उच्चारला गेला पाहिजे.

जिल्ह्यात हे काम करणारे हात अनेक दर्जांचे आहेत : रुग्णालयातील अधिपरिचारिका आणि त्यांच्यावर देखरेख करणारी परिसेविका, उपकेंद्रातील आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि गावातील आशा. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळाले. तोवर अवघड रुग्ण अकोला वा छत्रपती संभाजीनगरला पाठवणे हीच रीत होती, आणि ती एका वर्षात बदलणारी नाही. पाठवलेला रुग्ण परत येतो तो इंग्रजीत लिहिलेला डिस्चार्ज कागद घेऊन, जो आशाला वाचता येतो पण त्यातून तिने काय पाहायचे ते कळत नाही. त्या कागदाच्या मागे मराठीत पाच-सहा ओळी असाव्यात, अशी या पुस्तकाची आग्रही सूचना आहे : रोज किती पाणी, कोरडे वजन किती, फिस्टुला कोणत्या हाताला, नळी कोणत्या तारखेला काढायची, कोणती वेदनाशामके वर्ज्य आणि काय दिसल्यास त्याच दिवशी निघायचे. पुढील प्रकरणांच्या शेवटी अशा कागदांचे नमुने दिले आहेत.

मुलांचे मूत्रविकार, गरोदरपणातील मूत्रपिंडविकार आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची परिचर्या येथे घेतलेली नाही, कारण त्या तिन्हींना स्वतंत्र विस्तार लागतो आणि जिल्हास्तरावर प्रत्यारोपणाच्या रुग्णाची परिचर्या अद्याप तुरळकच करावी लागते. प्रकरणांचा क्रम विकारांनुसार न ठेवता रुग्णाच्या वाटेनुसार ठेवला आहे : आधी गाव व उपकेंद्र, मग वॉर्ड, मग डायलिसिस कक्ष व शस्त्रक्रियेनंतरची खोली, आणि शेवटी पुन्हा घर. मोजमापांची प्रकरणे मात्र सर्वांच्या आधी येतात, आणि ती वगळून पुढे जाणाऱ्या वाचकाला नंतरची बरीच गणिते सुटणार नाहीत.